गिटारला माणूस हवाय

“तुम्ही कुठल्या ‘सुरुंग’च्या?” घोरपडे सरांनी मला विचारलं.

पाठीला सिंबल्सची जड पिशवी, काखेत स्नेअर ड्रम आणि एसटीच्या धुळीनं माखलेला चेहरा, अशा अवतारात मी सांगलीजवळच्या त्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या फाटकातून आत शिरले होते. दुपार कलत आली होती. मैदानावर भलंमोठं स्टेज उभं होतं आणि माइकवर कुणीतरी ‘हॅलो, चेक, चेक’ करत होतं.

“कुठल्या म्हणजे? सुरुंग एकच आहे, सर.”

“कालपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.” सरांनी रुमालानं मान पुसली. “मगाशी हेरंब दीक्षित आले. म्हणाले, सुरुंग म्हणजे मी. त्यांना ड्रॉइंग हॉलमध्ये बसवलं, चहा दिला. पाठोपाठ यशोधन रानडे आले. म्हणाले, सुरुंग म्हणजे मी. त्यांना कॅन्टीनमध्ये बसवलं, त्यांनाही चहा दिला. दोघं एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. मॅडम, मी मेकॅनिकलला शिकवतो. गॅदरिंग यंदा माझ्या गळ्यात पडलंय. मला एवढंच सांगा, सात वाजता त्या स्टेजवर कोण चढणार?”

मला काय माहीत? मला तर चहासुद्धा कुणी विचारला नव्हता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्या काळी पुण्या-मुंबईपासून कोल्हापूरपर्यंतच्या कॉलेजांमध्ये आमच्या ‘सुरुंग’चं वेड होतं. मराठीत रॉक वाजवणारा बँड. चाली हेरंबच्या आणि गिटारही त्याचीच. शब्द यशोधनचे आणि गळाही त्याचाच. कॉलेजात असताना त्या दोघांनी तो सुरू केला होता आणि बँड म्हणजे ते दोघंच. ड्रम्सवर मी, रूथ पारधे, आणि बेस गिटारवर मिरजेचा इर्शाद मुजावर. आम्ही भाड्याचे. शो झाला की पाकीट मिळायचं, शो नसला की काही नाही. अशी तीन वर्षं झाली होती. पोस्टरवर दोन चेहरे असायचे आणि मागे धुराचे लोट. त्या धुरात कुठेतरी आम्ही.

मी नगरची. आमच्या चर्चमध्ये पप्पा गायनमंडळ चालवायचे. तिथल्या जुन्या ड्रम सेटवर मी लहानपणापासून हात साफ करून घेतलेला. भजनांना हळू वाजव, असं पप्पा सारखं सांगायचे आणि माझा हात काही हळू पडायचा नाही. सुरुंगमध्ये आले तेव्हा वाटलं, बाई, आता तुला कुणी हळू वाजव म्हणणार नाही. आणि खरंच, कुणी म्हणालं नाही.

महिन्याभरापूर्वी मी फोनवर हेरंबकडे विषय काढला होता. मुंबईची एक रेकॉर्ड कंपनी सुरुंगशी करार करणार, असं कानावर आलं होतं. “करारात आमचं काय? आणि निदान पाकीट तरी वाढव. एसटीचं भाडं दोनदा वाढलं,” असं म्हणाले मी.

हेरंब गोड हसला. “रूथ, असं बघ. तू बँडमध्ये नाहीस. तू बँडबरोबर आहेस.”

त्याचा आवाज इतका मऊ होता की मी “बरं” म्हणून फोन ठेवला. मग रात्रभर उशीला गुद्दे घातले.

पुढे त्या करारावरूनच दोघांचं फाटलं. गाणं चालीमुळे चालतं की शब्दांमुळे, कुणाचा वाटा मोठा, नाव कुणाचं. एवढं सगळं झालं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. दोघांनी आम्हाला वेगवेगळे फोन करून एकच वाक्य सांगितलं होतं: “सांगलीला ये, बाकीचं मी बघतो.”

मी स्टेजमागे पिशव्या टाकल्या, तेवढ्यात इर्शाद मिरजेहून स्कूटरवर आला. बेस पाठीला बांधलेला. उंचापुरा, शांत गडी. त्याच्या घरी तंबोरे बनवायचे. लाकूड नुसतं ठोकून ते कसं बोलेल हे सांगणाऱ्या घराण्यातला.

“काय गं, चेहरा असा का?”

मी सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, “आधी वडा खाऊ. मग बघू की.”

वड्यापर्यंत आम्ही पोचलोच नाही. ड्रॉइंग हॉलच्या दारातून हेरंबनं मला हाक मारली. आत उंच उंच टेबलं, भिंतीवर यंत्रांचे तक्ते, आणि मध्ये हा, गिटार मांडीवर घेऊन.

“यशोधन संपला,” तो म्हणाला. “चाली माझ्या आहेत. मी गातो आज. कसाही गातो, पण गातो. तू आणि इर्शाद माझ्याबरोबर या. आणि ऐक, आजपासून तू मेंबर. करारात नाव, पोस्टरवर फोटो. लिहून देतो हवं तर.”

मेंबर! कानात घंटा वाजली माझ्या. तीन वर्षं ज्या शब्दासाठी झुरले तो शब्द त्या पोरानं असा समोर ठेवला, चहाच्या कपासारखा. “इर्शादशी बोलते,” एवढं कसंबसं म्हणून मी बाहेर पळाले.

कॅन्टीनपाशी इर्शाद उभा होता आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून यशोधन. मला बघताच यशोधननं दुसरा हात माझ्याकडे पसरला. तो बोलायला लागला की भाषण केल्यासारखाच बोलायचा.

“रूथ! तुमच्यावर अन्याय झालाय. मी हेरंबला कायम सांगत आलो, ही माणसं आपली आहेत. आता हेरंब नाही. आजपासून आपण तिघं सुरुंग. समान मेंबर. गिटार नसली तरी चालेल, माझे शब्द लोकांना पाठ आहेत.”

अर्ध्या तासात दोनदा! मी इर्शादकडे बघितलं. माझे डोळे बहुतेक बशीएवढे झाले असावेत. इर्शादनं यशोधनचा हात हळूच खांद्यावरून काढला आणि म्हणाला, “पाच मिनिटं द्या.”

आम्ही जनरेटरच्या मागे गेलो. तिथे इतका आवाज होता की ओरडूनच बोलावं लागत होतं.

“कुणाकडे जायचं?” मी ओरडले. “हेरंबकडे चाली आहेत!”

“आणि यशोधनकडे गळा!”

“मग?”

“अगं, दोघंही आपल्याला मेंबर करायला निघालेत, म्हणजे बँडच उरलेला नाही! कशाचे मेंबर व्हायचं? ड्रॉइंग हॉलचे की कॅन्टीनचे?”

मला हसूच फुटलं. हसता हसता लख्ख दिसलं सगळं. तो तिकडे एकटा बसलाय, हा इकडे एकटा बसलाय. एकत्र आहोत ते आम्ही दोघंच. तीन वर्षं स्टेजच्या मागच्या बाजूला एकमेकांच्या नजरेला नजर देऊन वाजवलंय. गाणं कुठे उचलायचं, कुठे सोडायचं, हेरंब चुकला तर कसं सावरायचं, यशोधन शब्द विसरला तर ठेका किती वेळ फिरवत ठेवायचा, हे सगळं आम्हाला ठाऊक.

“इर्शाद,” मी ओरडले, “आपणच बँड आहोत!”

“काय?”

“आपणच! आज आपण त्यांना भाड्यानं घेऊ!”

इर्शादच्या त्या शांत चेहऱ्यावर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत हसू पसरलं. “चल,” म्हणाला. “सरांकडे चल.”

घोरपडे सर स्टेजपुढे उभे राहून खुर्च्यांच्या रांगा सरळ करून घेत होते. पोरं आत्तापासूनच जमायला लागली होती. ‘सुरुंग! सुरुंग!’ असा गजर मैदानाच्या त्या टोकाला सुरू झाला होता.

“सर, कार्यक्रम होईल,” मी म्हणाले. “पण जबाबदारी आमच्या दोघांची. उरलेलं मानधनही आमच्याच हातात द्यायचं. त्या दोघांशी तुम्ही काही बोलायचं नाही.”

“तुम्ही म्हणजे नेमके कोण?”

“वाजवणारे.”

सरांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. मग मैदानाकडे बघितलं. “हे बघा, सातला आवाज झाला नाही तर ही कार्टी माझ्या खुर्च्या मोडतात. मागच्या वर्षी मोडल्या. आवाज होईल?”

“होईल,” इर्शाद म्हणाला. “मिरजेच्या माणसाचा शब्द आहे.”

“मिरजेचे आहात? आधी सांगायचं नाही का! ठरलं.”

आता खरी परीक्षा. मी ड्रॉइंग हॉलमध्ये गेले. या वेळी बसले नाही.

“हेरंब, आजचा शो मी आणि इर्शाद करतोय. गिटारला माणूस हवाय. येतोस का? एका शोचं पाकीट मिळेल. आम्हाला मिळतं तेवढंच.”

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो ताडकन उठला. “डोकं ठिकाणावर आहे का तुझं? माझी गाणी! माझ्याच गाण्यांना मला भाड्यानं?”

“नसेल जमत तर सांग. इर्शादचा चुलतभाऊ ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. मिरज काही लांब नाही.”

चुलतभाऊ होता, हे खरं. पण तो त्या आठवड्यात लग्नाच्या सुपारीवर हुबळीला गेला होता. हे मी कशाला सांगू? हेरंबनं पाठ फिरवली. “जा तू,” म्हणाला.

तिकडे कॅन्टीनमध्ये इर्शादनं यशोधनला असंच विचारलं होतं. यशोधन मोठ्यानं हसला होता, मग रागावला होता, मग ‘माझ्याशिवाय एक ओळ तरी म्हणून दाखवा’ असं म्हणाला होता.

सात वाजले. दोघांपैकी कुणी आलं नाही.

मैदान गच्च भरलं होतं. पोरं झाडांवर, हॉस्टेलच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढून बसली होती. ‘सुरुंग! सुरुंग!’ पायांखालची फळी थरथरत होती. विंगेत घोरपडे सर माझ्याकडे बघून नुसती मनगटावर बोटं आपटत होते. इर्शाद म्हणाला, “काय करायचं?”

“मिरजेच्या माणसाचा शब्द दिलास ना? मग चढायचं!”

आम्ही दोघंच वर गेलो. पुढचे दोन माइक मोकळे. मी ड्रम्समागे बसले, इर्शादनं बेस लावला. लाइट आमच्यावर आले आणि गजर हळूहळू विरत गेला. पोरं माना उंच करून बघत होती, पुढचे दोघं कुठेत? मागून कुणीतरी ओरडलं, “हिरो कुठाय?” हशा पिकला.

मी डोळे मिटले आणि किकवर पाय मारला. धम्. पुन्हा धम्. ‘दगडातून’ या आमच्या गाण्याची सुरुवात ठेक्यावरच होती. तो ठेका मी बसवला होता. वर हेरंबची गिटार येऊन बसायची, म्हणून कुणाला तो कधी मोकळा ऐकूच आला नव्हता. आज मोकळा होता. चार धम्मनंतर इर्शादचा बेस आला, जमिनीखालून आल्यासारखा, पोटात शिरणारा. मी स्नेअर उचलला. मग सिंबल. मग हात सोडले.

आणि मैदानाला कळलं! पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं दोन्ही हात वर करून टाळी धरली. ती टाळी रांगेमागून रांगेत पळत गेली, पार गच्चीपर्यंत. शब्द जिथे सुरू व्हायचे तिथे आम्ही थांबलो नाही, आणि त्याच जागेवर त्या सगळ्या पोरांनी गायला सुरुवात केली. स्टेजवर गाणारा कुणी नाही आणि हजारो गळे एकदम शब्द म्हणताहेत! कुणी बेसूर, कुणी पुढे, कुणी मागे. मी त्यांना ठेक्यात ओढत होते, इर्शाद सुरात धरत होता. मी मोठमोठ्यानं हसत होते. वाजवताना मी आधी कधी हसले नव्हते.

यशोधनला ते सहन झालं नाही. आपले शब्द आपल्यावाचून गायले जाताहेत, हे कॅन्टीनमध्ये बसून कोण ऐकेल? दुसऱ्या कडव्याला तो उजव्या विंगेतून धावतच आला, इर्शादच्या कानाला लागून काहीतरी म्हणाला. इर्शादनं मान डोलावली, तेव्हा कुठे त्यानं माइक हातात घेतला. मैदान उसळलं. दुष्ट माणूस गायला मात्र काय सुंदर!

हेरंब राहिला. डाव्या विंगेत तो गिटार गळ्यात अडकवून उभा होता, हे मला ड्रम्समागून दिसत होतं. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं. त्याची बोटं तारांवर हलत होती, पण गिटारची वायर कुठे लावलेलीच नव्हती. नुसताच वाजवत होता बिचारा, स्वतःला तरी ऐकू येत होतं की नाही कोण जाणे.

तिसऱ्या गाण्यात गिटारची एकटीची जागा होती. ती जवळ आली. तिथे आम्ही ठेका फिरवत ठेवला. एक फेरा, दोन फेरे. मी डावीकडे बघितलं आणि मान हलवली. ये की! हेरंब वर आला. माझ्याजवळ आला, वाकला, आणि त्या गदारोळात ओरडून म्हणाला, “चालेल! एका शोचं पाकीट!”

“वायर लाव!” मी ओरडले.

त्यानं वायर लावली आणि काय वाजवलं त्यानं त्या दिवशी! राग, अपमान, लाज, सगळं बोटांतून ओतलं. मी त्याला ढकलत होते, तो मला ओढत होता. आम्ही एवढ्या वेगात गेलो की इर्शाद मध्येच ‘अरे अरे’ करत हसायला लागला. गच्चीवरची पोरं नाचत होती. घोरपडे सर विंगेत एका पायानं ठेका धरून उभे होते.

शेवटच्या गाण्याआधी बँडची ओळख करून द्यायचं काम यशोधनचं. मी उठून पुढे गेले आणि त्याच्यापुढे हात केला. त्यानं माइक दिला.

“ड्रम्सवर मी, नगरची रूथ पारधे. बेसवर तुमच्या मिरजेचा इर्शाद मुजावर.” पुढचं मला बोलताच येईना, एवढा गलका झाला. “आणि आज पाहुणे कलाकार म्हणून आपल्याबरोबर आहेत, गायक यशोधन रानडे आणि गिटारवर हेरंब दीक्षित!”

पोरांना वाटलं गंमत आहे. त्यांनी शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं.

कार्यक्रम संपल्यावर सरांनी मानधन माझ्या हातात ठेवलं. ड्रॉइंग हॉलमध्ये आम्ही चौघं घामानं निथळत उभे होतो. मी दोन पाकिटं भरली आणि त्या दोघांना दिली. यशोधननं न बघता खिशात घातलं. हेरंबनं उघडून बघितलं.

“एवढेच?”

“तेवढेच असतात.”

“आणि जेवण?”

“जेवण आपापलं,” इर्शाद म्हणाला. “पण आज मी खिलवतो. चला, मिरजेला चला.”

यशोधन आला नाही. तो त्याच्या गाडीनं पुण्याला निघून गेला. सुरुंग हे नाव त्यानंच नेलं, पुढे मुंबईत नवी माणसं घेऊन त्यानं एक अल्बमही काढला. बरा होता. हेरंब मात्र आमच्याबरोबर आला. इर्शादच्या अम्मीनं वाढलेलं खाली मान घालून भरपूर जेवला.

पुढच्या रविवारी नगरला आम्ही चर्चमधून घरी आलो, तर हा आमच्या ओट्यावर. एसटीनं आलेला, गिटार मांडीवर. पप्पांनी त्याला आत घेतलं. मी इर्शादला आधीच बोलावलेलं होतं. आमचं दोघांचं काहीतरी नवं सुरू करायचं चाललं होतं. आईनं चहा टाकला.

“तुम्हाला गिटारला माणूस हवाय ना?” हेरंबनं विचारलं.

“हवाय. पण भाड्यानं कुणाला घ्यायचं नाही, असं ठरलंय आमचं,” मी म्हणाले. “यायचं तर पूर्ण यायचं. सगळं सारखं.”

“बँडचं नाव काय?”

इर्शादनं आम्ही निवडलेलं नाव सांगितलं. ‘कडेलोट’.

हेरंबनं कप खाली ठेवला. “शी! हे काय नाव आहे? कोण येईल ऐकायला? मला मुळीच मान्य नाही.”

“का मान्य नाही?”

“भिकार आहे म्हणून! आणि रूथ, एक सांगू? त्या दिवशी तिसऱ्या गाण्यात तू मला नुसतं फरपटत नेलंस. इतक्या वेगात कुणी वाजवतं का? गाण्याचा पार चेंदामेंदा केलास!”

“मी? तुझीच बोटं घसरत होती!”

“माझी? माझी बोटं?”

तो उभा राहिला. मीही उभी राहिले. पप्पा आतून दारापर्यंत आले आणि इर्शादनं त्यांना हातानंच ‘काही नाही’ म्हणून खूण केली. आम्ही दोघं टेबलाच्या दोन बाजूंनी गळ्याच्या शिरा ताणून भांडत होतो, नावावरून, वेगावरून, कुठल्या गाण्यानं सुरुवात करायची यावरून. तीन वर्षं हा माणूस माझ्याशी मऊ आवाजात, हसून, नीट बोलत आला होता. एकदाही आवाज चढवला नव्हता त्यानं माझ्यावर. भाड्याच्या माणसाशी कोण भांडतं?

चहा निवला. भांडण काही संपेना. आणि मला इतका आनंद झाला होता की मी ते संपूही देत नव्हते.